आईच्या सिरोसिसवरचे शोधनिबंध मी कसे वाचते

आईच्या पोटात पाणी झालंय हे सोनोग्राफीत दिसलं, त्या रात्री मी सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते निबर होण्याचा आजार), जलोदर (पोटात पाणी होणं) आणि आयुष्य असे तीन शब्द टाकून शोधत बसले. एका ठिकाणी आकडा सापडला: २ वर्षं. पुढचं काही वाचलंच नाही. पहाटेपर्यंत त्या दोन वर्षांचे महिने मोजत राहिले. सकाळी आई म्हणाली, "तुझे डोळे का सुजलेत?" आणि मला तिला काही सांगता आलं नाही.

त्याला आता साडेचार वर्षं झाली. आई आहे. बरी आहे असं म्हणणार नाही, पण आहे, आणि आजही माझे डोळे सुजले की तिलाच आधी कळतं.

मी हिशेब तपासनीस आहे. ताळेबंदातला एकच आकडा वाचून मी कुठल्याही संस्थेबद्दल मत देत नाही. तो आकडा कशाचा, कोणत्या तारखेचा, खालच्या टिपांत काय लिहिलंय, हे सगळं पाहते. आईच्या बाबतीत त्या रात्री यातलं काहीच केलं नाही. नंतर मात्र ठरवलं की तिच्या आजारावरचं संशोधन कामाच्या टेबलावरच्या शिस्तीनेच वाचायचं. ती पद्धत इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. या वाचनातून मी औषध ठरवत नाही, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न ठरवते.

एक गोष्ट आधीच सांगते. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप, पोटात नव्याने दुखणं, लघवी एकदम कमी होणं, बोलण्यात गोंधळ किंवा दिवसा न आवरणारी झोप यातलं काही दिसलं तर ती वेळ वाचनाची नाही. थेट रुग्णालय गाठायचं.

आधी आपल्या माणसाचं पान

शोधनिबंध उघडण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर आपल्या माणसाची माहिती लिहा. सिरोसिस कशामुळे झालं: हिपॅटायटिस बी, सी, दारू, चरबी, की आणखी काही. जलोदर, रक्तस्राव, एन्सेफॅलोपथी (यकृताच्या आजारामुळे येणारा भ्रम किंवा गुंगी) आणि कावीळ यातलं काय झालं आणि पहिल्यांदा कधी. ताजे रिपोर्ट: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप), क्रिएटिनिन, सोडियम, प्लेटलेट. चालू औषधं. सोबतचे आजार. आईचं हे पान माझ्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं आहे आणि नवे रिपोर्ट आले की मी ते बदलते.

या पानावरून दोन गोष्टी काढायच्या. पहिली, आजार भरपाईच्या टप्प्यात आहे की भरपाई संपलेल्या. डॉक्टर याला कॉम्पेन्सेटेड आणि डीकॉम्पेन्सेटेड म्हणतात. यकृत जखमांनी भरलेलं असूनही काम निभावत असेल आणि जलोदर, रक्तस्राव, भ्रम असं काही घडलं नसेल तर पहिला टप्पा. यातलं एक जरी घडलं की दुसरा.

दुसरी गोष्ट म्हणजे चाइल्ड-प्यू वर्ग, म्हणजे यकृत कितपत बिघडलंय त्याची प्रतवारी. १९६४ मध्ये चाइल्ड आणि टर्कॉट या शल्यविशारदांनी तो मांडला आणि १९७३ मध्ये प्यू यांनी सुधारला. पाच बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण असतात. ५-६ गुण म्हणजे ए, ७ ते ९ म्हणजे बी, १० ते १५ म्हणजे सी. त्या वेळचा आईचा हिशेब असा होता: बिलिरुबिन २.४ चे २ गुण, अल्ब्युमिन २.९ चे २, आयएनआर १.५ चा १, थोडा जलोदर २, भ्रम नाही म्हणून १. एकूण ८, म्हणजे बी. यातल्या शेवटच्या दोन बाबींचे गुण डॉक्टरांच्या नजरेवर ठरतात. जलोदर 'थोडा' की 'मध्यम' यावर दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं, त्यामुळे ८ आणि ९ मधल्या फरकाने मी कधी घाबरत नाही आणि कधी सुखावतही नाही.

आता त्या २ वर्षांकडे परत येते. तो आकडा खोटा नव्हता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ११८ अभ्यास एकत्र तपासले होते. भरपाईच्या टप्प्यातल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य १२ वर्षांहून जास्त आणि भरपाई संपलेल्यांचं साधारण २ वर्षं, असं त्यात निघालं. पण मध्यक म्हणजे मुदत नव्हे. अर्धे रुग्ण त्या रेषेच्या पलीकडे जगले, आणि पलीकडे म्हणजे किती लांब, हे मध्यक सांगतच नाही. शिवाय ते अभ्यास २००६ च्या आधीचे. हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होऊ लागला तो त्यानंतर. त्याच आढाव्यात आजाराचे चार टप्पे करून एका वर्षातलं मृत्यूचं प्रमाण दिलं होतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या नाहीत आणि जलोदरही नाही, तर १ टक्का. शिरा फुगलेल्या पण रक्तस्राव नाही, तर ३.४. जलोदर असेल तर २०. रक्तस्राव झालेला असेल तर ५७. एकाच 'सिरोसिस' या शब्दाखाली १ पासून ५७ पर्यंत आकडे असतात. म्हणून आपल्या माणसाचा टप्पा माहीत नसेल तर कुठलाही आकडा वाचायलाच घेऊ नका.

आणि भरपाई संपली म्हणजे परतीची वाट बंद, असंही आता मानत नाहीत. मूळ कारण गेलं आणि जलोदर व भ्रम औषधं बंद करूनही किमान १२ महिने आले नाहीत, पुन्हा रक्तस्राव झाला नाही आणि यकृताचे रिपोर्ट सुधारून टिकले, तर त्याला भरपाई परत येणं म्हणतात. २०२१ च्या बाव्हेनो या तज्ज्ञांच्या परिषदेत या अवस्थेची व्याख्या ठरली. त्या रात्री हे कुणी मला सांगायला हवं होतं.

सारांश सोडून पहिला तक्ता

शोधनिबंधाच्या सुरुवातीला सारांश असतो. बहुतेक लोक तेवढाच वाचतात, आणि पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर अनेकदा तेवढाच फुकट मिळतो. पूर्ण मजकूर मिळत असेल तर मी सारांश ओलांडून थेट पहिल्या तक्त्यावर जाते. अभ्यासात कोण लोक होते ते तिथे असतं: वय, स्त्री-पुरुष, आजाराचं कारण, चाइल्ड-प्यू, मेल्ड (आजार किती गंभीर हे सांगणारे गुण). आपल्या पानाशेजारी हा तक्ता ठेवायचा आणि एकेक ओळ ताडून पाहायची. त्यानंतर 'कोणाला घेतलं नाही' हा परिच्छेद वाचायचा. माझ्या मते शोधनिबंधात याहून महत्त्वाचा परिच्छेद नाही.

उदाहरण देते. भ्रमाचे झटके टाळायला देतात त्या रिफॅक्सिमिन गोळीवरची २०१० ची चाचणी २९९ रुग्णांवर झाली. सहा महिन्यांत भ्रमाचा नवा झटका रिफॅक्सिमिनच्या गटात २२.१ टक्क्यांना आला आणि प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली गोळीच्या) गटात ४५.९ टक्क्यांना. वाचून मला वाटलं, हे आईला आजच सुरू व्हायला हवं. मग प्रवेशाच्या अटी पाहिल्या. आधीच्या सहा महिन्यांत किमान दोन झटके येऊन गेलेले, सध्या शुद्धीवर असलेले रुग्ण त्यात घेतले होते. आईला तोवर एकच झटका आला होता. ती त्या चाचणीतली नव्हतीच. दुसरं असं की त्यातले ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण लॅक्टुलोजही (भ्रम टाळण्यासाठीच देतात तो गोड पाक) घेत होते. म्हणजे चाचणीने सिद्ध केलं ते लॅक्टुलोजवर भर घातल्याचा फायदा. लॅक्टुलोज सोडून रिफॅक्सिमिन घ्या, असं त्यात कुठेच नाही. तरी गोळी सुरू झाली की अनेक घरांत तो गोड पाक नकोसा म्हणून बंद केला जातो. कृपया करू नका.

स्त्रिया किती हे सांगणारी तक्त्यातली ओळ मी वेगळी पाहते. ही सवय मला आईने लावली. एकदा मी तिला एक पेपर समजावून सांगत होते, तेव्हा तिने विचारलं, "यात बायका किती?" मी पाहिलं. तिसरा हिस्साही नव्हत्या.

या प्रश्नाचं एक मोठं कारण मेल्ड गुणांमध्ये आहे. २००० साली, टिप्स नावाच्या (यकृताकडच्या शिरांतला दाब उतरवणाऱ्या) प्रक्रियेनंतर कोण किती जगेल हे सांगण्यासाठी हे गुण बनवले गेले, आणि फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेत प्रत्यारोपणासाठी यकृत आधी कोणाला मिळावं हे त्यांवर ठरू लागलं. त्यात बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन येतं. सोडियम नंतर जोडलं गेलं. पण मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. बाईच्या अंगावर स्नायू कमी, म्हणून मूत्रपिंड तितकंच बिघडलेलं असूनही तिचं क्रिएटिनिन कमी दिसतं, गुण कमी येतात आणि ती यादीत खाली राहते. हे कळायला आणि दुरुस्त व्हायला दोन दशकं गेली. मेल्ड ३.० मध्ये स्त्रियांना १.३३ गुण जास्त दिले, अल्ब्युमिनही धरलं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत ते लागू झालं. या मधल्या वर्षांत किती बायका यादीतच राहिल्या असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आईसारखं वाळलेलं अंग असलेल्या रुग्णाचं क्रिएटिनिन 'नॉर्मल' आलं की आता मी डॉक्टरांना मुद्दाम विचारते, "हे तिच्यासाठीही नॉर्मलच का?"

काय मोजलं?

हिशेबात नफा कुठल्या ओळीत दाखवला यावरून अर्थ बदलतो. चाचणीत तसंच असतं. मुख्य निकाल कोणता ठरवला होता ते शोधा. तो रुग्णाला जाणवणारा आहे का? जगणं, रुग्णालयात भरती होणं, रक्तस्राव, भ्रम या गोष्टी जाणवतात. रक्तातला एखादा आकडा सुधारला, तर तो आपोआप माणसापर्यंत पोचतो असं नाही.

हे मला कळलं ते टर्लिप्रेसिनच्या चाचणीतून. हेपॅटोरीनल सिंड्रोम म्हणजे यकृताच्या आजारात मूत्रपिंड झपाट्याने बंद पडत जाणं, आणि टर्लिप्रेसिन हे त्यावरचं औषध. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३०० रुग्ण होते. दोन्ही गटांना अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, ते शिरेतून देतात) द्यावं असा सल्ला होता. मूत्रपिंड सावरल्याचं प्रमाण टर्लिप्रेसिनच्या गटात ३२ टक्के आणि प्लासिबोच्या गटात १७ टक्के. बातमी इथे संपली असती तर आनंदाचीच होती. पण ९० दिवसांत मृत्यू झाले ते औषधाच्या गटात ५१ टक्के आणि प्लासिबोच्या गटात ४५ टक्के. श्वसनाच्या त्रासाने झालेले मृत्यू ११ टक्के विरुद्ध २ टक्के. क्रिएटिनिन उतरलं आणि तरीही माणसं वाचण्याचं प्रमाण वाढलं नाही. औषध निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, श्वसनाच्या धोक्याच्या ठळक इशाऱ्यासह. आज डॉक्टर ते कोणाला द्यायचं हे ऑक्सिजनची पातळी आणि अंगातलं पाणी पाहून ठरवतात. मी शिकले ते एवढंच: मुख्य निकालाचा आकडा वाचला की बोट खाली न्यायचं आणि मृत्यूंची ओळ आणि दुष्परिणामांचा तक्ता वाचूनच थांबायचं.

याच्या उलट घडलेलं उदाहरण मला फार आवडतं. जलोदराच्या पाण्यात आपोआप जंतुसंसर्ग होतो, त्याला एसबीपी म्हणतात. पाण्यात न्यूट्रोफिल पेशी दर घन मिलिमीटरला २५० किंवा त्याहून जास्त असल्या की निदान होतं. १९९९ मध्ये १२६ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना फक्त प्रतिजैविक, निम्म्यांना सोबत अल्ब्युमिन: पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. मूत्रपिंड बिघडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० वर आलं. तीन महिन्यांतले मृत्यू ४१ वरून २२ टक्क्यांवर आले. इथे रक्तातला आकडा आणि माणूस दोघेही एकाच बाजूला गेले. असं दिसलं की त्या निकालावर माझा विश्वास बसतो.

एकच औषध, तीन उत्तरं

याच अल्ब्युमिनने मला सर्वांत जास्त गोंधळातही टाकलं. आईला जलोदर वारंवार होऊ लागला तेव्हा मी विचारलं, दर आठवड्याला अल्ब्युमिन दिलं तर? २०१८ च्या इटलीतल्या चाचणीत साधा जलोदर असलेल्या चारशेहून जास्त रुग्णांना पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्याला एकदा ४० ग्रॅम अल्ब्युमिन दिलं होतं. दीड वर्षानंतर जगणाऱ्यांचं प्रमाण ७७ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ६६. त्याच वर्षी यकृताच्या प्रतीक्षायादीतल्या रुग्णांवरच्या चाचणीत दर १५ दिवसांनी ४० ग्रॅम अल्ब्युमिन आणि सोबत मिडोड्रीन ही रक्तदाब वाढवणारी गोळी दिली, तर काही फायदा दिसला नाही. मग २०२१ मध्ये ब्रिटनची चाचणी आली. रुग्णालयात भरती झालेल्या ७७७ रुग्णांत रक्तातलं अल्ब्युमिन ठरावीक पातळीवर ठेवण्यासाठी ते रोज दिलं. संसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा मृत्यू यातलं काही घडलेले रुग्ण २९.७ आणि ३०.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. फुप्फुसात पाणी होण्यासारखे गंभीर दुष्परिणाम मात्र अल्ब्युमिनच्या गटात जास्त.

तीन पेपर समोर ठेवून मी एका कागदावर चार रकाने आखले: कोण, किती, किती दिवस, कशाशी तुलना. आखल्याबरोबर भांडण मिटलं. पहिल्यातले रुग्ण घरी राहणारे, तुलनेने स्थिर, मात्रा मोठी, मुदत दीड वर्ष. दुसऱ्यातले यादीवर, बरेच जण काही महिन्यांत प्रत्यारोपण होऊन बाहेर पडलेले; मात्रा निम्मी. तिसऱ्यातले आजारी होऊन दाखल झालेले. उपचार फार तर दोन आठवडे. तिन्हींनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते. इटलीच्या चाचणीत आणखी एक बाब आहे. कोणाला अल्ब्युमिन मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते घ्यायला रुग्ण दर आठवड्याला आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर येत होता. त्यातला फायदा बाटलीचा किती आणि दर आठवड्याच्या नजरेचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

दोन पेपर एकमेकांविरुद्ध बोलताना दिसले की हे चार रकाने आखा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उत्तर पहिल्या रकान्यातच असतं. शब्दही तपासा. 'जुन्यावर तीव्र यकृत निकामी होणं', म्हणजे एसीएलएफ, याची युरोपीय व्याख्या निकामी झालेले अवयव मोजते. तिथे २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण पहिल्या श्रेणीत सुमारे २२ टक्के आणि तिसऱ्या श्रेणीत सुमारे ७७ टक्के आहे. आशियाई-पॅसिफिक व्याख्या कावीळ आणि आयएनआरपासून सुरू होते आणि सिरोसिस नसलेले जुने यकृतरोगही धरते. दोन्हींचं नाव एकच, पण आतली माणसं वेगळी, म्हणून आकडेही शेजारी ठेवता येत नाहीत.

चिठ्ठी टाकली होती का?

काही अभ्यासांत उपचार कोणाला द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं असतं. काहींत डॉक्टरांनी त्यांच्या निर्णयाने औषध दिलेलं असतं आणि संशोधक फक्त पुढे काय झालं ते नोंदतात. दुसऱ्या प्रकारात सावध राहा.

आई प्रोप्रानोलॉल घेत होती, फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ नये म्हणून. तेव्हा मला २०१० चा एक अभ्यास सापडला. औषधांना न जुमानणाऱ्या जलोदराचे १५१ रुग्ण. प्रोप्रानोलॉल घेणाऱ्यांपैकी वर्षभर जगले १९ टक्के, न घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के. माझा हात थरथरत होता. त्या संध्याकाळची गोळी मी आईला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी न रागावता एकच प्रश्न विचारला: "त्या अभ्यासात गोळी कोणाला दिली होती?" मी तक्ता पाहिला. गोळी घेणाऱ्या सगळ्यांना अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा होत्या; न घेणाऱ्यांत अगदी मोजक्यांना. म्हणजे दोन गट सुरुवातीलाच सारखे नव्हते. जास्त आजारी होते म्हणूनच गोळी होती. आणि आईचा जलोदर तेव्हा औषधांना दाद देत होता. पुढे इतर अभ्यासांत उलट चित्रही दिसलं. २०१९ च्या स्पेनमधल्या चिठ्ठी टाकून केलेल्या चाचणीत, भरपाईच्या टप्प्यातल्या पण यकृताकडच्या शिरांत दाब वाढलेल्या २०१ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल दिलं. भरपाई संपणं किंवा मृत्यू हे त्यांच्यात १६ टक्क्यांना, प्लासिबोवर २७ टक्क्यांना. त्याच जातीचं औषध, आजाराचा टप्पा वेगळा. फार पुढच्या टप्प्यात रक्तदाब उतरला किंवा मूत्रपिंड बिघडलं तर डॉक्टर ते कमी करतात किंवा थांबवतात, तेही खरंच आहे. पण तो निर्णय रक्तदाब मोजून घ्यायचा असतो. मी तो रात्री पेपर वाचून घेतला. त्या एका चुकलेल्या गोळीने काही झालं नाही, हे आमचं भाग्य. तेव्हापासून माझा नियम आहे: वाचलेल्या कशावरूनही घरच्या घरी गोळी बंद नाही, सुरू नाही, कमी-जास्त नाही.

आकड्यांची थोडी पडताळणी

'धोका निम्म्यावर आला' असं वाचलं की विचारा, कितीवरून कितीवर? १६ आणि २७ मधलं अंतर शंभरामागे ११ माणसांचं आहे. रिफॅक्सिमिनच्या चाचणीत झटक्यांचं अंतर शंभरामागे सुमारे २४ होतं, म्हणजे सहा महिने साधारण चार जणांनी औषध घेतलं तर एकाचा झटका टळतो. भरती होण्याचं अंतर मात्र शंभरामागे ९. आमच्या घरी दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण प्रत्येक भरतीनंतर आई थोडी आणखी अशक्त होऊन परतते. ती चाचणी औषध बनवणाऱ्या कंपनीच्या पैशावर झाली होती, हेही पेपरमध्ये लिहिलेलं असतं. तेवढ्यावरून निकाल फेटाळू नका, फक्त समासात नोंद करा.

जगण्याचा आलेख जिन्यासारखा उतरत जातो. त्याच्या खाली बारीक अक्षरात प्रत्येक टप्प्यावर किती जण मोजणीत उरलेत ते लिहिलेलं असतं. सुरुवातीला १०० आणि उजव्या टोकाला ७ जण उरले असतील, तर त्या टोकाचा जिना सात माणसांचा आहे. तिकडे पाहून रडू नका आणि हुरळूनही जाऊ नका.

मुख्य निकाल चुकला आणि दुय्यम निकाल चमकला, तर थांबा. सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं तसंच झालं. २०१६ मध्ये रक्तस्रावातून वाचलेल्या १५८ रुग्णांच्या चाचणीत पुन्हा रक्तस्राव किंवा मृत्यू हा मुख्य निकाल ठरला होता, आणि त्यात ठाम फरक दिसला नाही. मृत्यू वेगळे मोजले तर ९ टक्के विरुद्ध २२. मला फार आशा वाटली. मग २०२५ मध्ये सिम्व्हास्टॅटिन आणि रिफॅक्सिमिन एकत्र देऊन २३७ रुग्णांवर केलेली मोठी चाचणी आली. भरपाई संपलेल्या या रुग्णांत काही फायदा झाला नाही. त्या संध्याकाळी मी वहीतलं जुनं पान काढून त्यावर आडवी रेघ मारली. मन जड झालं होतं, पण ती रेघ मारणं गरजेचं होतं.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

पेपरांची चळत नेऊ नका. एक पान न्या. वर आपल्या माणसाची ताजी माहिती, त्याखाली एकाच अभ्यासाचं नाव आणि वर्ष, त्यातले रुग्ण आपल्या माणसासारखे कुठे आहेत आणि कुठे नाहीत याच्या दोन ओळी, आणि एकच प्रश्न. "हे औषध द्या" असं मी लिहीत नाही. "हिला हे लागू पडतं का, आणि नसेल तर कशामुळे?" असं लिहिते. आमच्या डॉक्टरांना एरवी आठ मिनिटं असतात. या पानामुळे ती आठही मिनिटं आईबद्दल बोलण्यात जातात.

पानाच्या तळाशी एक ओळ आईच्या स्वतःच्या शब्दांत असते. ती मी बदलत नाही, सुधारत नाही. गेल्या खेपेला तिने सांगितलं, "रात्री पिंढऱ्यांत गोळे येतात, रडू येतं." इतक्या वर्षांत मी जगणं, भरती, मेल्ड सगळं वाचलं होतं आणि पायांत येणाऱ्या या गोळ्यांबद्दल एकदाही शोधलं नव्हतं. शोधलं तर २०२२ ची एक चाचणी निघाली. सिरोसिसच्या ८२ रुग्णांना गोळा आला की खारवलेल्या काकडीचं पाणी किंवा साधं पाणी घोटभर प्यायला दिलं होतं. खाऱ्या पाण्याने गोळ्यांची तीव्रता कमी झाली. एकूण जीवनमानात मात्र फरक दिसला नाही. चार रकाने आखले, पान केलं, आणि प्रश्न लिहिला: जलोदर असलेल्या हिला एवढं मीठ चालेल का?

डॉक्टरांनी तिचं सोडियम पाहिलं, वजनाची नोंद पाहिली, पाणी उतरवायच्या गोळीची मात्रा तपासली. मग आईकडे वळून म्हणाले, "एक घोट, गोळा आला तरच, आणि रोज सकाळी वजन करायचं. दोन आठवड्यांनी मला दाखवा." आईने माझ्या हातातली वही मागून घेतली. आता तिच्या उशाशी ती असते. रात्री गोळा आला की ती वेळ लिहिते, किती दुखलं त्याला दहापैकी गुण देते, आणि सकाळी त्याच ओळीत वजन.